‘थंडी थोडी आहे’ : सातारा-सांगलीच्या हिमप्रवासाची एक नोंद

१

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवायला घेतला की पहिल्या तासाला मी वर्गाला एक साधा प्रश्न विचारतो: तुमच्यापैकी बर्फ कोणी पाहिला आहे? आधी हशा होतो. कोणी रसवंतीगृहातल्या बर्फाच्या लादीचे नाव घेते, कोणी जत्रेतल्या गोळ्याचे. मग एखादा मुलगा महाबळेश्वरचा दाखला देतो. डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या काठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला पहाटे दव गोठते, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते. आमच्या भागातला हिमप्रदेश एवढाच, आणि तोही सूर्य वर येईपर्यंतचा.

काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने मात्र वेगळेच उत्तर दिले. ती म्हणाली, “सर, मी नाही पाहिला. माझ्या वडिलांनी पाहिलाय, दोन हिवाळे. पण ते त्याबद्दल काही बोलत नाहीत.” वर्ग क्षणभर गप्प झाला. मी ‘बरं’ म्हणून पुढे गेलो आणि प्रवासवर्णनाची ठरलेली लक्षणे फळ्यावर लिहू लागलो. तिचे वाक्य मात्र डोक्यातून गेले नाही. कृष्णा, कोयना, वारणा, येरळा आणि माणगंगा यांच्या काठची माणसे गेली शंभर-सव्वाशे वर्षे उत्तरेकडच्या बर्फात जात आली आहेत. यात्रेकरू म्हणून, शिपाई म्हणून, शाहीर म्हणून, मंत्री म्हणून आणि अलीकडे गिर्यारोहक म्हणूनही. इतकी ये-जा असूनही आपल्या वाङ्मयात त्या बर्फाची नोंद इतकी कमी का, असा तो प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

सुरुवातीलाच एक भौगोलिक खुलासा करायला हवा. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी या लेखातील बरीच माणसे जन्मली तेव्हा हा मुलूख, संस्थानांचा भाग वगळता, एकाच सातारा जिल्ह्यात मोडत होता. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यामुळे वाटेगावचा शाहीर आणि देवराष्ट्र्याचा मंत्री हे दोघेही जन्माने सातारा जिल्ह्याचेच.

२

शब्दापासून सुरुवात करू. संस्कृतातील ‘हिम’ मराठीत उतरले ते ‘हिंव’ होऊन. हिंव भरणे, हिंव वाजणे, हिंवताप आणि खुद्द हिवाळा, हे सारे त्याच कुळातले. परंतु या प्रवासात एक गंमत घडली. ‘हिम’मधला बर्फ वाटेतच वितळून गेला आणि मराठीच्या हाती उरले ते केवळ थरथरणे. उत्तरेत जो शब्द डोंगरावर पडतो, तो आपल्याकडे अंगात भरतो. प्रत्यक्ष पदार्थासाठी आपण फारसीतून ‘बर्फ’ घेतला आणि ग्रांथिक गरजेसाठी संस्कृतातून ‘हिम’ पुन्हा एकदा, तत्सम रूपात, आणले. हिमकडा, हिमनदी, हिमस्खलन, हिमदंश हे सगळे शब्द त्यानंतर घडवलेले. ते अचूक आहेत, पण ते कोशातून आले आहेत. कोणाच्या आईने ते मुलाला शिकवलेले नाहीत.

अर्थात भाषेत शब्द नव्हता म्हणून अनुभव लिहिला गेला नाही, असे म्हणणे फार सोपे होईल. समुद्र न पाहिलेल्या संतांनी भवसागर लिहिला आहे. तेव्हा कारण शब्दांपाशी संपत नाही. ते शोधण्यासाठी माणसांकडेच गेले पाहिजे.

३

पहिला माणूस साताऱ्याचा. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी, बेळगावात शाळेची मुख्याध्यापकी, ‘राष्ट्रमत’ या दैनिकात काम आणि मग बडोद्याचे गंगनाथ विद्यालय, अशी त्यांची सुरुवातीची वाटचाल आहे. राष्ट्रीय शिक्षणाच्या त्या शाळेवर सरकारची वक्रदृष्टी झाली आणि १९१२ साली ती बंद पडली. हातातले काम गेलेला सव्वीस वर्षांचा हा तरुण शिक्षक हिमालयाच्या वाटेला लागला. या भटकंतीत अनंतबुवा आणि स्वामी आनंद यांची त्याला सोबत होती.

त्या काळी या वाटेला मोटार नव्हती. हरिद्वार-हृषीकेश सोडले की पुढचे सारे पायी. मुक्काम चट्टीवर करायचा. चट्टी म्हणजे वाटेवरची दुकानवजा झोपडी. दुकानदाराकडून पीठ-डाळ घ्यायची, भांडी आणि रात्रीपुरती जागा तोच देई. कालीकमलीवाल्या बाबांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळा आणि सदावर्ते हा दुसरा आधार. यमनोत्रीला गंधकाच्या उकळत्या कुंडात कापडात बांधलेले तांदूळ शिजवायचे आणि त्याच्या शेजारीच बर्फाच्या पाण्याचा प्रवाह वाहत असायचा. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांच्या वर. महाबळेश्वरची उंची साडेचार हजारांच्या आसपास धरली, तर आपल्या भागात जे सर्वांत उंच आणि सर्वांत थंड, त्याच्या अडीचपट उंचीवर देवळाचा उंबरठा. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास उघडणारी ही देवळे दिवाळीच्या सुमारास बंद होतात. मधले सहा महिने तेथे बर्फाचे राज्य. यात्रेकरूला हा बर्फ भेटतो तो परतीच्या वाटेवर असलेला, उन्हाने मागे हटवलेला. तरीही तो अनवाणी किंवा साध्या चपलांनी तुडवावा लागे.

हा प्रवास १९१२ चा आणि त्याचे पुस्तक १९२४ चे. मधल्या बारा वर्षांत कालेलकर शांतिनिकेतनात गांधीजींना भेटले, अहमदाबादच्या आश्रमात गेले आणि ‘काकासाहेब’ झाले. भोवतालचे विद्यार्थी गुजराती होते. ज्यांना सांगायचे त्यांच्या भाषेत सांगावे, हा आश्रमीय शिक्षकाचा साधा धर्म. म्हणून हे पुस्तक गुजरातीत लिहिले गेले. ‘हिमालयनो प्रवास’ हे आज गुजराती प्रवासवर्णनाचे एक आद्य आणि आदरणीय पुस्तक मानले जाते. गांधीजींनी या लेखकाला ‘सवाई गुजराती’ म्हटले. १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, तोही गुजराती ग्रंथासाठी. साताऱ्यात जन्मलेल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेला हिमालय मराठी वाचकाच्या हाती आला तो भाषांतराच्या वाटेने.

यात कालेलकरांना दोष देण्याचे कारण नाही. लेखक कोणत्या भाषेत लिहितो हे बहुधा तो कोणासाठी लिहितो यावरून ठरते. पण वाङ्मयेतिहासकारांच्या दृष्टीने पाहिले, तर आमची गफलत वेगळीच आहे. मराठी प्रवासवर्णनाच्या इतिहासात ‘हे पुस्तक मराठी नाही’ म्हणून आपण त्याला पान देत नाही आणि साताऱ्याच्या स्थानिक इतिहासात ‘हे गृहस्थ गुजरातचे’ म्हणून त्याला जागा मिळत नाही. दोन दारांच्या मधल्या ओसरीवर ते पुस्तक शंभर वर्षे बसून आहे.

४

दुसरी वाट शिपायांची. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो, तो उगाच नव्हे. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. घरटी एक तरी माणूस सैन्यात, अशी या गावाची ख्याती आजही आहे. त्या युद्धात मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे तपासणीसाठी उघडली गेली, त्यांचे इंग्रजीतले उतारे सरकारी दप्तरात राहिले आणि पुढे संशोधकांनी ते प्रसिद्ध केले. युरोपातल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल पंजाबी, पठाण, गढवाली शिपाई काय म्हणत होते हे त्यामुळे आज आपल्याला कळते. मराठा शिपाई त्या आघाडीवर फारसा नव्हताच, त्यामुळे त्या उताऱ्यांत त्याचा आवाज क्षीण आहे. त्याच्या वाट्याला आलेले होते कूतच्या वेढ्यातील चिखल, उपासमार आणि पुढे तुर्कांच्या कैदेतील पायपीट.

खरा युरोपीय बर्फ मराठा शिपायाला भेटला तो दुसऱ्या महायुद्धात, इटलीत. बेळगाव हे ठाणे असलेल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी १९४३ ते १९४५ या काळात इटलीच्या मोहिमेवर होत्या. या रेजिमेंटच्या दोन शिपायांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील टायबर खोऱ्यातील लढाईसाठी मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीच्या लढाईसाठी. दोघेही आपल्या दोन जिल्ह्यांचे नव्हेत. घाडगे कुलाब्याचे, जाधव नगरचे. पण या दोन तारखांच्या मधोमध काय येते, याकडे माझे लक्ष नेहमी जाते. मधे येतो १९४४-४५ चा हिवाळा. फ्लॉरेन्सच्या उत्तरेकडील अपेनाइन डोंगरांत दोन्ही सैन्ये बर्फात अडकून पडली होती. चिखलात मोटारी रुतल्या, खेचरांवरून शिधा आणि दारूगोळा वर जाई, जखमींना त्याच निसरड्या पायवाटांवरून खाली आणत. कराड, खटाव, खानापूर, तासगावकडची पोरे त्या डोंगरांत हातपाय चोळत बसली होती. उन्हाळी लढायांना पदके मिळाली. हिवाळा काढल्याबद्दल पदक नसते, आणि पदक नसले की गावच्या वेशीवर फलकही लागत नाही.

५

तिसरा माणूस वाटेगावचा. अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर ते वाटेगावहून मुंबईला चालत आले. कालेलकरांच्या पायपिटीपेक्षा ही पायपीट अगदी निराळी, कारण तिच्या शेवटी देऊळ नव्हते, गिरणी होती. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहणाऱ्या या तरुणाने दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ रचला. व्होल्गाकाठच्या त्या शहराची लढाई ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाली. नोव्हेंबरात नदीतून बर्फाचे तुकडे वाहू लागले आणि पलीकडच्या काठावरून रसद आणणाऱ्या होड्यांना वाट मिळेना. डिसेंबरच्या मध्यास नदी पुरती गोठली आणि मग त्याच पाण्यावरून गाड्या जाऊ लागल्या. तोवर रशियन फौजांनी जर्मन सैन्याभोवती फास आवळला होता. २ फेब्रुवारी १९४३ रोजी उरलेल्या जर्मन सैन्याने शस्त्रे खाली ठेवली.

बर्फाचा कणही न पाहिलेला माणूस मुंबईच्या घामट चाळीत बसून या हिवाळी युद्धावर रचना करतो, हे वरकरणी नवल वाटते. पण शाहिरी परंपरा ज्याला ठाऊक आहे त्याला ते वाटणार नाही. पवाड्याच्या साच्याला वेढा ओळखीचा आहे. आत अडकलेली शिबंदी, बाहेर बलाढ्य शत्रू, रसदीची चिंता, आणि मग हवेने व भूमीने दिलेली साथ, ही सगळी मांडणी गडकोटांच्या पवाड्यांतून शाहिराला वारशाने मिळालेली असते. शहर नवे, पण साचा जुना. कोशाने ‘हिमप्रपात’ शब्द देण्याची वाट शाहिराने पाहिली नाही. डफ आणि तुणतुणे त्याच्या हातात होतेच.

पुढे १९६१ मध्ये अण्णा भाऊ प्रत्यक्ष सोव्हिएत रशियात गेले. त्या प्रवासाचे त्यांचे ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक मराठीत आहे, थेट मराठीत आहे. ज्या शहराचा पवाडा त्यांनी रचला होता त्या शहरात ते उभे राहिले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या शहराचे नाव व्होल्गोग्राड झाले. पवाड्यातले गाव नकाशावरून गेले, पवाडा तेवढा राहिला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आता दर हिवाळ्यात वाटेगावचा हा शाहीर खऱ्या बर्फाच्या शहरात असतो.

कालेलकर आणि अण्णा भाऊ यांना एकापुढे एक ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. एकाने हिम पाहिले आणि ते दुसऱ्या भाषेत लिहिले. दुसऱ्याने ते आधी लिहिले आणि त्या भूमीवर पाऊल नंतर ठेवले. दोघांच्याही मागे ऐकणारा समुदाय उभा होता. काकासाहेबांपुढे आश्रमातले विद्यार्थी होते, अण्णा भाऊंपुढे गिरणीकामगार. हिम लिहिले गेले ते ऐकणारे कोणी होते म्हणून. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर याच दिशेला आहे.

६

चौथा प्रसंग सर्वांना पाठ आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले. नामका चू नदीच्या काठी आपले जवान सुती गणवेशांत आणि तुटपुंज्या पांघरुणांत उभे होते. चौदा-पंधरा हजार फुटांवरच्या थंडीसाठी लागणारे कपडे अनेकांपर्यंत पोचलेच नव्हते. नोव्हेंबरात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला बोलावले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, त्यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून मराठीत रुळले. आमच्याकडे ते भाषणांत, शालेय निबंधांत, पुतळ्यांच्या अनावरणात आजही ऐकू येते.

वाक्य सुंदर आहे आणि खोटे नाही. डोंगरी लढाईसाठी स्वतंत्र डिव्हिजन उभ्या करण्यापासून जवानाच्या अंगावरच्या कपड्यांपर्यंत त्या पराभवाने लष्कराला पुष्कळ बदलायला लावले, आणि त्या बदलाची सूत्रे देवराष्ट्र्यात जन्मलेल्या या माणसाच्या हाती होती. पण या वाक्यात सह्याद्री एकवचनी आहे. तो एका नेत्याचे रूपक झाला. खरा सह्याद्री मात्र बहुवचनी होता. आधीही तो पलटणींतून वर जात होता आणि नंतरही जात राहिला.

आणखी एक योग असा की यशवंतरावांनी स्वतःही हा हिमालय आत्मचरित्रात लिहिला नाही. ‘कृष्णाकाठ’ १९४६ पाशी थांबते. मुंबईचा आणि दिल्लीचा काळ सांगणारे पुढचे खंड त्यांच्या मनात होते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले आणि ते खंड लिहायचे राहिले. कृष्णेचा काठ आपल्याला मिळाला. हिमालयाच्या वाट्याला आलेली पाने कोरीच राहिली.

७

त्याच १९८४ च्या १३ एप्रिलला भारतीय सैन्य सियाचीनवर चढले. तेव्हापासून सुमारे ७६ किलोमीटर लांबीच्या त्या हिमनदीच्या परिसरात आपल्या चौक्या अखंड आहेत. तेथे गोळीपेक्षा हवामानाने अधिक बळी घेतले, हे सर्वज्ञात आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील एका चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटचे दहा जवान गाडले गेले. धारवाड जिल्ह्याचे लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला दिल्लीत वारले. त्या दहांमधला एक जवान माण तालुक्यातला होता. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथला तरुण गोठलेल्या पाण्याखाली गेला. त्या आठवड्यात ‘हिमस्खलन’ हा शब्द आमच्याकडच्या घराघरांत पोचला.

मला त्या विद्यार्थिनीचे वाक्य तेव्हा पुन्हा आठवले. तिच्याकडून निरोप पाठवून मी तिच्या वडिलांना भेटायला गेलो. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आता डाळिंबाची बाग सांभाळणारे गृहस्थ. पहिला तासभर पाऊस आणि बाजारभाव यांवरच गेला. मग मी सरळ विचारले, “सुभेदारसाहेब, तिथं चालता कसं?” तेव्हा ते जरा मोकळे झाले.

“दोर बांदायचा सर. एका दोरात पाच-सात जण. वरनं कायबी कळत न्हाई, समदं पांढरं. खाली भेग असती. आपल्या रानात चैत-वैशाखात पडत्यात न्हवं, तशीच भेग. पर ही घर गिळंल एवढी. एक आत गेला की बाकीच्यांनी जाग्यावर आंग टाकायचं आन दोर धरायचा.”

‘भेग’ हा शब्द ऐकून मी लिहायचा थांबलो. पाठ्यपुस्तकांत आपण ‘हिमविवर’ म्हणतो. काळ्या रानात वाढलेल्या या माणसाने त्याला नेमका आपल्या रानातला शब्द लावला होता. पुढे ते ‘हिमस्खलन’ म्हणाले नाहीत. ‘बर्फाची दरड’ म्हणाले. कुंभार्ली आणि पसरणीचा घाट उतरणाऱ्याला दरड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वाऱ्यात उडणाऱ्या कोरड्या बर्फाला त्यांनी ‘जात्याखालचं पीठ’ म्हटले. रॉकेलच्या शेगडीवर बर्फ वितळवून पाणी करायचे, तिच्या काजळीने थुंकी काळी व्हायची, उघड्या हाताने लोखंडाला शिवले तर कातडे चिकटून राहायचे, फळे दगडासारखी व्हायची आणि अंडी आपटून फुटायची नाहीत, हे सारे त्यांनी दुसऱ्या कोणाची हकीगत सांगावी तशा सुरात सांगितले. पायाची दोन बोटे कापावी लागली, त्याबद्दल एवढेच म्हणाले, “ती तितंच मेली हुती, हितं नुसती काडली.”

तेव्हा मराठीला बर्फाचे शब्द नाहीत, हे माझे वर्षानुवर्षांचे विधान मला मागे घ्यावे लागले. शब्द आहेत. भेग आहे, दरड आहे, पीठ आहे. ते रानातून आणि घाटातून उचलून हिमनदीवर नेलेले आहेत आणि तिथे ते चोख चालले आहेत. ते कागदावर उतरलेले नाहीत, एवढेच.

का उतरले नाहीत, हेही त्याच घरात समजले. सुभेदारांच्या पत्नीने ट्रंकेतून अंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा आणून दिला. नव्वदच्या दशकातली ती निळी पत्रे. त्यांची परवानगी घेऊन मी ती वाचली. प्रत्येक पत्रात बैलाची चौकशी, विहिरीच्या पाण्याची चौकशी, आईच्या गुडघ्याची चौकशी, मनीऑर्डर पोचली का, धाकट्याची फी भरली का. आणि स्वतःबद्दल एकच ओळ, थोड्याफार फरकाने: ‘इकडे मी मजेत आहे. थंडी थोडी आहे.’

ठिकाण लिहायचे नाही हा लष्करी शिस्तीचा भाग होताच. पण मला त्या ओळीत शिस्तीपेक्षा माया अधिक दिसली. वाचणारी आई होती, लग्नाला दोन वर्षे झालेली बायको होती. त्यांना भेग आणि दरड कळली असती; फार नीट कळली असती, म्हणूनच ती लिहिली गेली नाही. आधी मी म्हटले की ऐकणारा असला की हिम लिहिले जाते. आता त्याला पुस्ती जोडावी लागते: ऐकणारा फार जवळचा असला, की तेच हिम लपवलेही जाते.

८

इकडे काळ बदलतो आहे, हेही नोंदवले पाहिजे. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ साली एव्हरेस्ट सर केले. पुढे ल्होत्से आणि मकालू झाले. एप्रिल २०२१ मध्ये अन्नपूर्णेच्या शिखरावर पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, आणि मे २०२२ मध्ये कांचनगंगा सर करून आठ हजार मीटरवरील पाच शिखरे गाठणारी पहिली भारतीय महिला हा मानही त्यांनी मिळवला. त्यांचे प्रशिक्षण उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत झाले. गंगोत्रीच्या जुन्या पायवाटेवरचे हे गाव. १९१२ साली साताऱ्यात जन्मलेला एक बेकार शिक्षक ज्या खोऱ्यांतून देवळाकडे गेला, त्याच खोऱ्यांतून शंभर वर्षांनी साताऱ्याची एक मुलगी देवळांच्याही पुष्कळ वर गेली. तिला कोणापासून काही लपवावे लागले नाही. तिचा बर्फ छायाचित्रांत आहे, मुलाखतींत आहे. शिपायाच्या बर्फाला मात्र अजून असा मोकळेपणा नाही.

आपण भाषेचे शिक्षक आणि विद्यार्थी आहोत. दरवर्षी आपल्या महाविद्यालयांतून प्रकल्पांचे ढीग तयार होतात. बहुतेक प्रकल्प छापील पुस्तकांवरून छापील पुस्तकांवर जातात. आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या घरांत निवृत्त हवालदार आणि सुभेदार आहेत, ट्रंकांत पत्रे आहेत. ती पत्रे अभ्यासायची तर त्यांत जे लिहिले आहे त्याबरोबरच जे लिहिलेले नाही तेही माणसाकडून समजून घ्यावे लागेल, आणि तो माणूस अजून बोलू शकतो आहे तोवरच. त्यासाठी अनुदान लागत नाही. जमिनीवर बसायची तयारी, वही, आणि पाऊस व बाजारभाव यांवरचा पहिला तासभर सोसण्याचा धीर, एवढे पुरते.

निघताना सुभेदार दारापर्यंत आले. जानेवारीची संध्याकाळ होती, माणदेशी वारा सुटला होता आणि मी मफलर गुंडाळत होतो. ते एका सदऱ्यावर उभे होते. मी म्हटले, “गारठा वाढला.” ते हसले आणि म्हणाले, “हां सर. थंडी थोडी हाय.”